साध्या चित्रातली माणसं

आईने कंपनीला फोन लावला की तो अधूनमधून ताईलाच लागायचा. तक्रार विभागात माणसं मोजकी आणि फोन उदंड, त्यामुळे यात नशिबाचा भाग फारसा नव्हता. फोन रेकॉर्ड होत असल्यामुळे दोघींना एकमेकींची ओळख नसल्यासारखं बोलावं लागायचं. आईला ते जास्त चांगलं जमायचं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"सरकारी चॅनल एचडीमध्ये पाहिजे."

"मॅडम, आपली मागणी आम्ही समजू शकतो."

"समजू शकला असता तर मागच्या वेळीच समजला असतात."

"आपल्या मागणीची नोंद घेतली आहे."

"नोंद मागच्या वेळीही घेतली होती. एवढ्या नोंदी ठेवता तरी कुठे?"

"आणखी काही मदत हवी आहे का मॅडम?"

"येताना लिंबं आण," आई म्हणाली, आणि मग रेकॉर्डिंग आठवून, "म्हणजे, इकडे कोणी येणार असेल तर."

ताईला ऑफिसात सगळे ताई म्हणत, घरी धाकटा भाऊ ताई म्हणायचा, आणि आई रागावली की तीही ताईच म्हणायची, फक्त जरा ओढून. कंपनीचं काम होतं पैसे घेऊन घरोघर टीव्हीचे चॅनल पोचवायचं. त्यातले थोडे एचडीत जायचे, लख्ख, आणि बाकीचे साध्या चित्रात. एचडीतल्या जागा मोजक्या होत्या आणि तिथे कोणाला बसवायचं हे साहेब ठरवत. साहेबांनी बसवले होते दोन स्वयंपाकाचे, एक काचेच्या टाकीतल्या माशांचा आणि एक गाद्यांचा. गाद्यांच्या चॅनलवर दिवसभर गादी दिसायची. गादीवर माणूस नसायचा. टाका न् टाका मोजून घ्यावा असं चित्र.

सरकारी चॅनल मात्र साध्यात. आकाशातून तो फुकट यायचा, एचडीतही फुकट यायचा. कंपनीने तो फक्त झेलून पुढे टाकायचा होता. पण ज्या कपड्याची धुलाई मिळत नाही त्याला इस्त्री कशाला करायची, असा साहेबांचा सवाल होता, आणि बैठकीत त्यावर सगळे हसत, कारण साहेब थांबून बघत की कोण हसत नाहीये. त्यामुळे सरकारी चॅनलवर बातम्या देणाऱ्या बाईंना नाक आहे हे लोकांना अंदाजाने धरून चालावं लागायचं. खात्री व्हायची ती बाईंना सर्दी झाली की.

आईला नाकाशी देणंघेणं नव्हतं. तिला बाग स्वच्छ बघायची होती.

ही बाग दोन कार्यक्रमांच्या मधे लागायची. पुढचा कार्यक्रम वेळेवर तयार नसला की चॅनलवाले ती सोडून देत, आणि पुढचा कार्यक्रम वेळेवर कधीच तयार नसायचा. एक तळं, तळ्यात बोट, कडेने वाट, वाटेवर एक बाक, आणि मागे बासरी. वर्षानुवर्षं तेच चित्रण. वाटेवर, बोटीत, बाकावर माणसं असावीत असे ठिपके होते. बाकावरचा ठिपका तपकिरी होता आणि वरच्या अंगाला जरासा काळा. आईच्या मते ते बाबा होते.

बाबा रिमोटचे सेल आणायला म्हणून गेले होते. धाकटा तेव्हा शाळकरी होता आणि सेल संपल्याची ओरड त्यानेच केली होती, पण ते घरात कोणी काढत नसे. दुकान कोपऱ्यावर. दुकानदार म्हणाला, आले होते, सेल घेतले, सुट्टे पैसे मोजून घेतले, गेले. पुढे पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्षानुवर्षं न बोललेले चुलते झाले. बाबा कुठे नव्हते. बाईचा नवरा गेला तर काय बोलावं हे लोकांना ठाऊक असतं. पळून गेला तर त्याहून जास्त ठाऊक असतं. पण सेल आणायला जाऊन परत न आलेल्या माणसाबद्दल कोणाकडेच वाक्य तयार नव्हतं. म्हणून लोक आईला नुसतं विचारत, तब्येत कशी आहे.

मग काही महिन्यांनी बाग सुरू झाली. पहिल्याच दिवशी आई हातातलं काम ठेवून म्हणाली, "ते बघ. बसलेत."

तेव्हापासून जेवताना हा विषय मिठासारखा पानात असायचा.

"कचऱ्याचा डबा आहे तो," धाकटा म्हणायचा. तो आता नोकरीला लागला होता आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं.

"डब्याला खांदे असतात का?"

"नव्या डब्यांना असतात."

"बाप आहे तो तुझा."

"असेल. मग डब्यासारखा का बसलाय?"

"ते घरीही तसेच बसायचे," आई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

"ताई, तू सांग गं," धाकटा म्हणायचा. ताई सांगायची, डबा आहे. दर वेळी ठामपणे सांगायची. तिला डब्याची खात्री होती असं मुळीच नव्हतं. तिला भीती होती चित्र स्वच्छ होण्याची. तो डबा निघाला असता तर आईने इतकी वर्षं एका डब्याकडे बघत काढली असा त्याचा अर्थ होता, आणि ते कळल्यावर आई दुसऱ्या दिवशी सकाळी कशासाठी उठली असती हे ताईला सुचत नव्हतं. आणि बाबा निघाले असते तर त्याहून वाईट. घरातले तिघं दवाखाने पालथे घालत होते तेव्हा हा गृहस्थ तळ्याकाठी पायावर पाय टाकून बसला होता. दोन्हीकडून आईच मरत होती. तेव्हा चित्र धुरकट आहे ते धुरकटच बरं, असं ताईने मनाशी पक्कं केलं होतं, आणि ती ज्या खुर्चीत बसायची तिथून ते धुरकट ठेवणं तिच्या हातात होतं.

गंमत अशी की एकट्या आईचा फोन येत नव्हता.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग सरकारी चॅनल एचडीत द्या म्हणणारे फोन वाढत गेले. एक निवृत्त हेडमास्तर होते, ते प्रत्येक वाक्य असं बोलत की पलीकडच्याने ते लिहून घ्यावं. एक शिवणकाम करणारी बाई होती, तिच्या फोनमागे मशीन चालू असायचं आणि मुद्द्यावर आली की थांबायचं. एक ड्रायव्हरकाका होते. बातम्यांबद्दल कोणी बोलत नसे, खेळांबद्दल बोलत नसे. कशासाठी पाहिजे विचारलं की सगळ्यांची उत्तरं एकाच कारखान्यातून आल्यासारखी. "असंच." "पैसे भरतो ना आम्ही." "डोळ्यांना त्रास होतो."

ताईसमोर प्रत्येक फोनसाठी दोन कप्पे होते. मागणी आणि दोष. मागणीच्या कप्प्यातलं साहेबांच्या बैठकीत जायचं, आणि तिथे आकडा फुगला असता तर साहेबांना गाद्या सोडून इकडे बघावं लागलं असतं. दोषाच्या कप्प्यातलं जायचं तांत्रिक विभागात. ताईने काय केलं, सगळ्या मागण्या दोषात टाकायला सुरुवात केली. चित्र अस्पष्ट. चित्र अस्पष्ट. चित्र अस्पष्ट. बैठकीत साहेब विचारायचे, सरकारी चॅनलला काही मागणी, आणि ताई म्हणायची, नाही साहेब, शून्य. साहेब खूश. आईची मागणीही तिने दोषातच टाकली आणि संध्याकाळी घरी जाताना लिंबं नेली.

तांत्रिक विभाग म्हणजे अँटेना. हा माणूस उंच, काटकुळा आणि दोन्ही कान बाहेर आलेला. हे नाव त्याला शाळेत पडलं होतं आणि मग तो पोटापाण्यासाठी नेमका या धंद्यात आला, त्यामुळे नव्या लोकांना ते त्याचं पद वाटायचं. दोषाची तक्रार आली की अँटेनाने ग्राहकाच्या घरी जायचं, वायर बघायची, टीव्हीला जोडलेली डबी बदलायची, सही घ्यायची. तो आता दिवसभर फिरत होता आणि त्याला एकाही घरात दोष सापडत नव्हता.

"ताई, हे काय प्रकरण आहे?" एका दुपारी तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "लोक मला चहा देतात."

"मग वाईट काय त्यात?"

"मला कोणी चहा देत नाही गं कधी. मी डबीवाला. हे लोक चहा देतात, टीव्हीसमोर खुर्ची टाकतात आणि ती बाग लागेपर्यंत उठू देत नाहीत. बाग लागली की पडद्यावर बोट ठेवून विचारतात, हे जरा स्वच्छ होईल का. मी म्हणतो, हे म्हणजे काय. तर म्हणतात, ही."

"ही कोण?"

"मी विचारलं नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि भिंतीवर फोटो होता."

ताईने त्याला परत पाठवलं. पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा तिने एक प्रश्न विचारला जो कंपनीने लिहून दिलेल्या प्रश्नांत नव्हता.

"सर, बागेत आपलं कोण आहे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"बोटीतली," हेडमास्तर म्हणाले. आवाजातली सगळी विरामचिन्हं गळून पडली होती. "आमची धाकटी आहे. तिला पोहता येत नव्हतं म्हणून मी विचारतोय की तिने काही घातलंय का अंगात. ते फुगवतात ते. एवढंच बघायचंय."

शिवणकामवालीचं मशीन थांबलं आणि ती म्हणाली, वाटेवरून छत्री घेऊन जाते ती माझी बहीण, छत्री माझीच आहे, विचारून नेली नव्हती. ड्रायव्हरकाकांनी तर जास्त आढेवेढेही घेतले नाहीत. "बाकावर बसलाय ना, तपकिरी स्वेटर, तो माझा भाऊ."

"बाकावर?" ताई म्हणाली.

"हो, बाकावर."

"काका, नीट बघा. तो आपला भाऊ नसेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"बाकावरचे कोण ते ठरलेलं आहे," ताई म्हणाली. तिच्या तोंडून हे असं कसं निघालं हे तिचं तिलाच कळलं नाही. इतकी वर्षं जेवताना डबा डबा म्हणणारी ती, आणि कोणी परका येऊन बाकावर हक्क सांगतो म्हटल्यावर बसच्या सीटवरून भांडावं तशी भांडायला उठली होती. काका म्हणाले, तुमच्या साहेबांना द्या फोन. ताईने फोन ठेवला आणि कप्पा निवडला. दोष.

त्यानंतर तिला त्या फोनांची भीती वाटायला लागली. एवढ्याशा धुरकट ठिपक्यांत किती माणसं बसवली होती लोकांनी. एकेका ठिपक्यात दोघं, तिघं. दाटीवाटीने बसली होती आणि कोणी कोणाला हटकत नव्हतं. चित्र धुरकट होतं म्हणून तेवढी जागा होती. ते स्वच्छ झालं की प्रत्येक ठिपक्यात एकच कोणीतरी उरणार होता आणि बाकीच्यांना उठावं लागणार होतं. ताई आणखी नेटाने दोषाच्या कप्प्यात टाकत राहिली.

आणि इथेच ती फसली. मागण्यांचा ढीग झाला तर ठरवणार साहेब. दोषांचा ढीग झाला तर कोणालाच विचारायला नको. एखाद्या चॅनलचे दोष ठरावीक रेषेच्या वर गेले की त्याचं चित्र दुसरीकडून घ्यायची मुभा तांत्रिक विभागाला होती. हा नियम कधीच वापरला गेला नव्हता, त्यामुळे ताईला तो माहीत नव्हता. घरोघर चहा पिऊन अँटेनाला पित्त झालं होतं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो कंपनीची नियमावली घेऊन बसला होता.

"ताई, चल. तुझ्या तक्रारी मिटवल्या," तो एका सकाळी म्हणाला.

"म्हणजे?"

"सरकारी चॅनल एचडीतून उचलला. आकाशात फुकट पडलेला होता. गाद्यांच्या जागी बसवला."

"गाद्या काढल्यास? साहेब काय म्हणतील?"

"गाद्यांच्या चॅनलवर आजवर एकही तक्रार आली नाही. म्हणजे बघणारं कोणी नाही. साहेब स्वतः बघत असतील तर त्यांनी तक्रार करावी, मी डबी बदलून देईन."

ताई त्याच्यामागून यंत्रांच्या खोलीत गेली ती जवळजवळ धावत. खोली नेहमीसारखी थंडगार, पंख्यांची एकसुरी घरघर, आणि भिंतभर छोटे पडदे. कंपनी घरोघर जे पोचवते ते सगळं इथे एकाच वेळी मुक्याने चालू असायचं. मधल्या रांगेत अँटेनाने दोन पडदे शेजारी लावले होते. डावीकडे सरकारी चॅनलचं जुनं साधं चित्र, उजवीकडे नवं.

उजवीकडच्या बाईंना नाक होतं. चांगलं होतं.

"घरी कुठलं जातंय?" ताईने विचारलं.

"उजवीकडचं. सकाळपासून. डावीकडचं इथल्या इथे आहे, ताडून बघायला."

बातम्या संपल्या. पुढचा कार्यक्रम तयार नव्हता. दोन्ही पडद्यांवर बाग लागली.

तळ्यावर एकाच वेळी तीच लाट उठली. दोन्हीकडे तेच पान फांदीवरून सुटलं, गिरक्या घेत आलं आणि पाण्यावर त्याच जागी टेकलं. तोच पक्षी त्याच क्षणी उडाला. डावीकडे वाटेवरून ठिपके चालत होते. उजवीकडे वाट होती. वाळूचा कण न् कण दिसत होता आणि वाटेवर कोणी नव्हतं. डावीकडच्या बोटीत काहीतरी फिकट, लहानसं बसलं होतं. उजवीकडची बोट रिकामी होती आणि एका बाजूला कलून डोलत होती, कोणी आताच पाय काढून घेतल्यासारखी.

मग बाक आला. उजवीकडे त्याच्या फळ्यांच्या रेषा दिसत होत्या, खिळ्यांची डोकी दिसत होती. मधल्या फळीवरचा रंग एका जागी झिजून लाकूड पांढरं पडलं होतं, एकच माणूस रोज येऊन बसतो त्या जागी पडतं तसं. बाकावर कोणी नव्हतं. बाकाच्या आजूबाजूला डबाही नव्हता.

"चित्रण एकच आहे?" ताई म्हणाली.

"एकच. हे बघ, वेळ जुळते, पान जुळतं."

"मग माणसं?"

अँटेना कान खाजवत उभा राहिला. "साधं चित्र दाबून बसवलेलं असतं ताई. दाबताना कचरा होतो. चौकोनी चौकोनी डाग पडतात. ते हलतातही."

"छत्री घेऊन हलतात?"

त्याने डावीकडे पाहिलं. नंतर तो पाहीनासा झाला. "मला पित्त आहे," तो म्हणाला. "मी बाहेर बसतो."

ताई जागेवर जाऊन बसली आणि फोनची वाट बघायला लागली. आता हे सगळे तुटून पडणार, आमची माणसं कुठे घातलीत म्हणून विचारणार. तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. गैरसोयीबद्दल क्षमस्व. जुनं चित्र लवकरच पूर्ववत करण्यात येईल. दुपारपर्यंत एकही फोन आला नाही. मग हेडमास्तरांचा आला.

"चित्र उत्तम आहे. धन्यवाद."

"सर, आपली काही तक्रार?"

"तक्रार नाही. एक माहिती हवी होती. ती बाग इथून साधारण किती लांब आहे?"

"आपल्याला बघायला जायचंय का?"

"छे. माझा गुडघा कुठे मला नेतोय. लहान मुलीला इथवर यायला किती वेळ लागेल, एवढंच."

ताईने सांगितलं की बाग कुठे आहे हे कंपनीला माहीत नाही. हेडमास्तर बरं म्हणाले. मग शिवणकामवालीने तेच विचारलं. ड्रायव्हरकाकांनी विचारलं की वाटेत घाट लागतो का. आता कोणी बाकावरून भांडत नव्हतं. ताईने सरकारी चॅनलच्या कार्यालयात फोन लावून बघितला, तिथे तिला तीन टेबलांवर फिरवलं आणि शेवटच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, बाग फार जुनी आहे, कोणी आणली होती त्याचा पत्ता नाही, आणि तुम्ही आज हे विचारणाऱ्या पहिल्या नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली ती आईला धरायच्या तयारीने. आईची खुर्ची जागेवर नव्हती. टीव्ही चालू होता, त्याच्याकडे पाठ करून आईने खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली होती आणि दार सताड उघडं टाकलं होतं.

"आई, बघितलंस तू?"

"बघितलं की. फार छान दिसतं. तू करून दिलंस ना? म्हटलं होतं मी, मनात आणलं तर करेल."

"आई, बाकावर कोणी नाहीये."

"नाहीच आहे."

"डबाही नाही."

"डबा मी कधी म्हटलं होतं? तुम्ही म्हणत होतात." आईने पदर झटकला. "बसलेला माणूस जागेवर नाही याचा अर्थ काय होतो? उठलाय. एवढी वर्षं उठायचं नाव नव्हतं."

"उठून गेले कुठे पण?"

"जातील कुठे. घरी यायला निघाले असतील. वेळ लागेल, रस्ता विचारायची लाज वाटते त्यांना."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तो आता नवीन डब्यांविषयी काहीतरी बोलेल आणि घर परत घरासारखं होईल म्हणून. धाकटा स्टूल घेऊन बाहेर गेला आणि जिन्यातला दिवा, जो कित्येक महिने गेलेला होता, तो बदलून आला.

पुढच्या दिवसांत ताईला कामावर येता-जाता दिसायला लागलं, की लोकांच्या खुर्च्या दारात आलेल्या आहेत. एका घराच्या फाटकाला कोणीतरी फुगवून घालायचं जाकीट अडकवून ठेवलं होतं, सुकायला घातल्यासारखं, पण ते कोरं होतं. शिवणकामवालीच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या त्यांच्या तीन झाल्या. रस्त्यावर प्रत्येक जण येणाऱ्याकडे नको इतका वेळ बघत होता, आणि आपलं माणूस नाही म्हटल्यावर मान हलवून ओळख देत होता.

अँटेना पित्ताच्या रजेवर गेला. जाण्याआधी तो ताईच्या टेबलाशी थांबला.

"डावीकडचीही रिकामी झाली," तो म्हणाला.

"डावीकडची काय?"

"बाग. साध्या चित्रातली. आधी वाटेवरचे गेले. मग बोट. तू बघत होतीस तो बाक आज सकाळी रिकामा झाला. शेवटी." तो जरा घुटमळला. "ताई, कचरा असा एक एक करून जात नाही गं."

त्या दुपारी फोन आला. ताईने आवाज ओळखला आणि रेकॉर्डिंगसाठी पाठ ताठ केली.

"मॅडम, सरकारी चॅनलबद्दल काही आहे का?"

"नाही. कनेक्शनच बंद करायचंय. सगळं."

"कारण सांगू शकाल का मॅडम? घर बदललं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं, परवडत नाही, चित्र पसंत नाही."

"यातलं काही नाही. बघायची गरज राहिली नाही."

आईचा आवाज नेहमीचाच होता, फक्त हलका, कोणीतरी आतल्या खोलीत झोपलं असताना बोलतात तसा. ताईला काय झालं, विचारायचं होतं. धाकटा कुठे आहे, विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर आईने सांगितलं असतं. तिने नियमाचा आधार घेतला. कनेक्शन बाबांच्या नावावर होतं. ते कोणी बदललं नव्हतं, कारण बदलायला एक तर त्यांची सही लागली असती नाही तर त्यांचा मृत्यूचा दाखला, आणि घरात दोन्ही नव्हतं. ते बंद करायचं तर नियम पक्का होता, आणि त्या नियमाने आजवर ताईला पुष्कळ गिऱ्हाइकांपासून वाचवलं होतं.

"माफ करा मॅडम, कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः फोनवर येऊन सांगावं लागतं. त्याशिवाय आम्हाला बंद करता येत नाही."

"हो, ते बरोबरच आहे," आई म्हणाली. "थांबा, देते."

टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज आला. आईची पावलं आतल्या खोलीकडे गेली. खुर्ची सरकली. मग लांबून तिचं बोलणं ऐकू आलं, जपून, समजावणीच्या सुरात.

"अहो, उठा. कंपनीचा फोन आहे. आपली थोरली आहे, पण ओळख दाखवू नका. ते सगळं रेकॉर्ड करतात."

सावकाश, फरफटत पावलं आली. फोन उचलला गेला. पलीकडे कोणीतरी घसा साफ केला आणि थांबलं.

नियमाप्रमाणे ताईने आता विचारायचं होतं, माझं बोलणं कोणाशी होतंय. वाक्य तयार होतं, रोजचं होतं. ती ओठ उघडून बसून राहिली, आधी तिकडून कोणी बोलेल म्हणून. तिकडेही कोणीतरी तसंच थांबलं होतं.